पंख्यावरचं नाव

सुप्रभाचं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहायला बसलो होतो. ‘चि. सुप्रभास, अनेक आशीर्वाद’ एवढं लिहून झालं आणि पुढे हात चालेना. तो अर्धवट कागद आणि तिचं पत्र, दोन्ही मी शब्दकोशाच्या एका खंडात ठेवून दिलं. डोकं जरा स्वच्छ झालं की लिहू, असं तेव्हा वाटलं होतं. मग पावसाळा गेला, दिवाळी गेली, पुढे वर्षंच गेली. शब्दकोश उघडायची वेळ अधूनमधून यायची. एखादा शब्द शोधायला जावं आणि तिचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर समोर यावं. मी शब्द न बघताच खंड मिटायचो.

पत्र लहानच होतं.

‘सर, मी इथे इचलकरंजीत शाळेत शिकवते. आमच्या शाळेनं यंदा नेत्रमित्र पुरस्कारासाठी नाव दिलंय आणि काम माझ्याकडेच आलंय. मुलांना नेत्रदानाचं सांगत होते, तर एका मुलीनं विचारलं, बाई, तुमच्या घरी कुणी केलंय का? मी म्हटलं, माझ्या आजीनं. ती म्हणाली, आजीनं स्वतः सांगितलं होतं? मला उत्तर देता आलं नाही. सर, आक्कानं तुम्हाला खरंच सांगितलं होतं का? की त्या दिवशी मला वाचवायला तुम्ही तसं म्हणालात? जे असेल ते लिहा. मी आता मोठी आहे.’

उत्तर मला माहीत होतं. ते लिहायला मात्र मी मोकळा नव्हतो.

सांगलीपासून एसटीनं तासाभरावर आमचं गाव. हळदीचं गाव. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि ग्रंथालय सांभाळायचो. ग्रंथालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट. त्याचं दार उघडताना इतका आवाज यायचा की शेजारच्या वर्गातली मुलं म्हणायची, वाटवे सर आले.

एका दुपारी आमचे हेडमास्तर बेडकिहाळ सर यांनी मला बोलावलं आणि एक परिपत्रक पुढे सरकवलं.

“वाटवे, मोठ्यानं वाचा. तुम्ही वाचलेलं मला लवकर कळतं.”

आमच्या भागातल्या एका धर्मादाय न्यासानं शाळांसाठी पुरस्कार सुरू केला होता. शाळेनं गरिबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी निधी जमवायचा, नेत्रदानाचा प्रचार करायचा आणि वर्षाअखेर अहवाल पाठवायचा. पहिल्या शाळेला ‘नेत्रमित्र शाळा’ असा किताब, ढाल, आणि ग्रंथालयासाठी पुस्तकांनी भरलेली कपाटं.

“कपाटं,” बेडकिहाळ सर म्हणाले. “अनेकवचन आहे, बघा.”

“हो, सर.”

“मग तुम्हीच करायचं हे. नाटुकलं लिहा, घोषणा लिहा, अहवाल लिहा. रद्दी गोळा करायचं काम ड्रॉइंगच्या मास्तरांना देतो. शेवटी काय लिहिलंय?”

मी वाचलं, “शाळेच्या प्रयत्नांतून प्रत्यक्ष नेत्रदान घडल्यास त्याचा विशेष विचार केला जाईल.”

“म्हणजे त्यासाठी कुणीतरी मरायला पाहिजे,” ते हसून म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं असावं. त्यांनी परिपत्रकाची घडी घातली आणि चहा मागवला.

मी नाटुकलं लिहिलं. फार चांगलं नव्हतं. आजही आठवलं की कान गरम होतात. एक आंधळी मुलगी गावभर हिंडते आणि भेटेल त्याला विचारते, तुमच्यानंतर तुमचे डोळे मला द्याल का? लोक काही ना काही सबब सांगतात. शेवटी एक म्हातारी हो म्हणते. म्हातारी वारली की सगळी मुलं एका सुरात ओरडतात, “पंखा बंद करा! मानेखाली उशी द्या! डोळ्यांवर ओला कापूस ठेवा! फोन लावा!” आणि मग सांगलीच्या नेत्रपेढीचा नंबर, टाळ्यांच्या ठेक्यावर. तो नंबर गावातल्या शेंबड्या पोरांनाही पाठ झाला होता.

आंधळीचं काम सुप्रभा करायची. नववीत होती. आमच्या संस्थेचे अध्यक्ष बाबगोंडा आरवाडे, म्हणजे तात्या, यांची ती मुलगी. तात्यांची हळदीची अडत होती. माणूस दिलदार होता, पण दिलेलं दिसलं पाहिजे असा. शाळेतलं बाक असो, पाण्याची टाकी असो, घंटा असो, सगळ्यावर त्यांच्या वडिलांचं नाव होतं. सभागृहातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा लाल रंगात लिहिलेलं होतं, ‘कै. आदगोंडा आरवाडे यांच्या स्मरणार्थ’. पंखा बंद असला की तेवढं वाचता यायचं.

तात्यांची मुलगी म्हणून मी सुप्रभाला काम दिलं नव्हतं. ती डोळे मिटून चालायची तेव्हा खरोखरच आंधळी वाटायची. हात पुढे, पाऊल आधी चाचपून. बस्तीसमोरच्या, म्हणजे जैन मंदिरासमोरच्या चौथऱ्यावर आम्ही प्रयोग केला, तेव्हा ती मिटल्या डोळ्यांनी चौथऱ्याच्या पायऱ्या उतरून थेट बायकांत गेली. एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मला नाटककार झाल्यासारखं वाटलं. असं वाटणं माझ्या वाट्याला तेवढंच.

बायकांत पुढे सुप्रभाची आजी बसली होती. चंपाक्का. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसरा वाढत चाललेला. जाड भिंगांचा चष्मा लावून त्या सगळा प्रयोग मान पुढे काढून बघत होत्या. झोळी फिरली तेव्हा त्यांनी कनवटीचं काहीतरी टाकलं आणि मला म्हणाल्या, “मास्तर, उद्या घराकडं या. च्याला.”

मी दुसऱ्या दिवशी गेलो. तात्या अडतीवर होते. अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातली होती. आक्का घराच्या दर्शनी सोप्यात एकट्याच होत्या. आमचं थोडं बोलणं झालं, चहा झाला, मी परत आलो. त्या बोलण्याबद्दल पुढे बरीच वर्षं मी कुणापाशी अक्षर काढलं नाही, म्हणून इथेही ते त्याच्या जागेवरच येईल.

मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, आक्का गेल्या. पहाटे झोपेतच. शाळेची प्रार्थना संपते न संपते तोच तात्यांच्या अडतीवरचा माणूस सायकलवरून निरोप घेऊन आला. बेडकिहाळ सर आणि मी तसेच निघालो.

सोपा माणसांनी भरला होता. उकाडा मरणाचा. आक्कांना जमिनीवर निजवलं होतं. मानेखाली उशी होती. दोन्ही डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या होत्या आणि त्यांतलं पाणी कानशिलावरून ओघळत होतं. मला आधी कळेचना की मी हे कुठं पाहिलंय. मग कळलं. हे मीच लिहिलं होतं.

“पंखा कुणी बंद केला?” कुणीतरी म्हणालं. “लावा की. गुदमरायला लागलंय.”

“लावायचा नाही,” सुप्रभा म्हणाली. ती बटणांपाशी, भिंतीला पाठ लावून उभी होती. रडून चेहरा सुजलेला. हात मात्र पाठीमागे बटणावर घट्ट.

तिची आत्या उठली. “सुपे, काय खेळ हाय का हा? सर बाजूला.”

“आत्या, नको. मी फोन केलाय.”

“कुणाला?”

सुप्रभानं माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

तात्या आतून आले. ओल्या धोतरात होते, अंघोळ करून. “कुणाला फोन केलास?”

“सांगलीला. ते निघालेत.”

तात्यांना उलगडायला एक क्षण लागला. मग ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “माझ्या आईचे डोळे काढायला माणसं बोलावलीस? मला न विचारता?”

“तात्या, उशीर झाला की उपयोग नसतो...”

“पोरीच्या डोक्यात कुणी भरवलं हे?” आत्यानं माझ्यावरची नजर काढली नव्हती. “नाटकं शिकवतात शाळेत. आणि आक्का वर आंधळी जाईल त्याचं काय? पुढच्या जन्मी चाचपडत हिंडंल, तवा हे मास्तर हात धरायला येणार हायेत?”

“ताई, तसं काही नसतं,” बेडकिहाळ सर म्हणाले. पण ते आवाज खाली ठेवून, दाराकडे सरकत म्हणाले.

तात्यांनी सुप्रभाचं मनगट धरलं आणि बटणावरून ओढलं. पंखा सुरू झाला. आक्कांच्या डोळ्यांवरच्या कापसाचं एक टोक वाऱ्यानं उचललं गेलं. सुप्रभा ओरडली नाही. ती खाली बसली आणि दोन्ही तळहात आक्कांच्या डोळ्यांवर धरून राहिली, वारा लागू नये म्हणून.

मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही. शिक्षकांच्या सभेत माझं नाव हजेरीपुरतं असायचं. पण त्या वेळी मी म्हणालो, “तात्या, आक्कांनी मला सांगितलं होतं.”

पंख्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा म्हणालो.

तात्या माझ्याकडे वळले. “काय सांगितलं होतं?”

“डोळे द्यायचे आहेत म्हणून.”

“आईनं? तुम्हाला?”

“हो.”

“मला न्हाई सांगितलं. पोटच्या पोराला न्हाई, लेकीला न्हाई. आणि तुम्हाला सांगितलं?”

“हो, तात्या.”

“आणखी काय म्हणाली?”

मी मान खाली घातली. “एवढंच.”

कोपऱ्यातून आक्कांच्या वयाचे एक आजोबा म्हणाले, “बाबगोंडा, वाटवे मास्तर खोटं बोलायचे न्हाईत. त्येंना धड खरं बोलायला जमत न्हाई, खोटं कुठलं बोलतात.”

एकदोघे हसले. मयताच्या घरात कुणी हसलं की जरा सैल होतं, तसं झालं. तात्यांनी आईकडे बघितलं, तिच्या डोळ्यांवरच्या पोरीच्या हातांकडे बघितलं. मग स्वतःच जाऊन त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं.

सांगलीची जीप आली. दोन तरुण डॉक्टर होते. त्यांनी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. तात्यांनी सही केली. काम फार लवकर झालं. आत जाऊन बघितलं तर आक्कांचा चेहरा होता तसाच होता, झोपलेला. आत्या वाकून वाकून बघत होती. “काही कळतसुद्धा न्हाई की,” ती म्हणाली आणि मग पहिल्यांदा मोकळी रडली.

सुप्रभा अंगणात हळदीच्या ढिगापाशी उभी होती. मी जाताना म्हणाली, “सर, बरोबर केलं ना मी?”

“अगदी बरोबर,” मी म्हणालो. आणखी बरंच सांगायचं होतं. ते तिथेच गिळलं.

त्यानंतरचा महिना मला नीट आठवतो, कारण त्या महिन्यात आमच्या घरात मी सोडून सगळे आनंदात होते. घर म्हणजे शाळा. माझं दुसरं घर म्हणजे एक खोली आणि पुस्तकं.

तेराव्या दिवसानंतर तात्या स्वतः शाळेत आले. हातात आक्कांचा मोठा फोटो, सोनेरी चौकटीत. रागाचा मागमूस नव्हता. उलट डोळ्यांत काहीतरी लकाकत होतं.

“हेडसर, आईचं नाव आता सांगली-कोल्हापुरात झालं पाहिजे. त्या अहवालात पहिल्या पानावर हा फोटो घाला. खाली लिहा, संस्थेच्या अध्यक्षांच्या मातोश्री. आणि बक्षीस घ्यायला सुप्रभाला पाठवा, हा फोटो हातात घेऊन.”

“तात्या, मग तर ढाल आपलीच,” बेडकिहाळ सर म्हणाले. “प्रत्यक्ष नेत्रदान म्हटल्यावर कोण अडवतंय? वाटवे, तुमची कपाटं आली म्हणा.”

मी हो म्हणालो असेन. मी अशा वेळी हो म्हणतो. लोकांना त्यामुळे वाटतं की माझं मत त्यांच्यासारखंच आहे.

अहवाल मी घरी बसून लिहिला. रद्दीचं लिहिलं, झोळीचं लिहिलं, प्रभातफेरी, भित्तिपत्रकं, नाटुकलं, भरून घेतलेली संमतिपत्रं, सगळं लिहिलं. आक्कांचं पान मी लिहिलं आणि फाडलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा फाडलं. शेवटी ते पान नसलेलाच अहवाल मी बेडकिहाळ सरांपुढे ठेवला. त्यांनी नेहमीप्रमाणे शेवटचं पान काढून सही केली. माझं लिखाण त्यांनी कधी तपासलं नाही. तो त्यांचा विश्वास होता, आणि थोडा आळसही. फोटो कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत माझ्या टेबलाच्या खणात राहिला.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. सांगलीच्या एका सभागृहात कार्यक्रम होता. आम्ही एसटीनं गेलो. बेडकिहाळ सर, मी, तात्या, सुप्रभा आणि नाटुकल्यातली चार मुलं. सुप्रभानं दोन वेण्या घट्ट घातल्या होत्या आणि आक्कांचा फोटो मांडीवर धरला होता. पहिली शाळा मिरजेकडची निघाली. त्यांच्या गावातही एक नेत्रदान झालं होतं, आणि ते त्यांनी लिहिलं होतं. आमच्या शाळेचं नाव उत्तेजनार्थमध्ये आलं. एक प्रशस्तिपत्र मिळालं, गुंडाळलेलं, लाल फितीत. मी ते बगलेत धरलं होतं.

एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला. बेडकिहाळ सरांनी न्यासाच्या माणसाकडून आमच्या अहवालाची प्रत मागून आणली होती. ते उभ्या उभ्या पानं उलटत होते. एकदा उलटली, दोनदा उलटली.

“वाटवे. आक्का कुठं आहेत ह्यात?”

मी कपाकडे बघत राहिलो.

“मी विचारतोय तुम्हाला. राहून गेलं का? चुकून राहिलं असेल तर तसं सांगा.”

चुकून राहिलं, असं म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता. लोकांनी मला वेंधळा म्हटलं असतं, आणि ते तसं म्हणतच होते. पण तेही तोंडातून निघेना.

“राहिलं नाही, सर. मी घातलं नाही.”

“का?”

“मला योग्य वाटलं नाही.”

“तुम्हाला योग्य वाटलं नाही,” बेडकिहाळ सरांनी ते शब्द एकेक करून उच्चारले. “वर्षभर पोरं उन्हातान्हात रद्दी गोळा करत हिंडली. ही पोर घरच्यांशी भांडली. आणि तुम्हाला योग्य वाटलं नाही.”

तात्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी सोसला असता.

“हेडसर, राहू द्या. मला समजलं,” ते म्हणाले. “सर सज्जन माणूस आहेत. त्या दिवशी पोरीला वाचवायला बोलून गेले. पण ते कागदावर लिहायचं म्हटल्यावर हात धजला न्हाई. कागदावर खोटं कसं लिहायचं? आई काही बोललीच न्हवती. व्हय ना, सर?”

“तात्या, आक्कांनी मला सांगितलं होतं.”

“मग लिहिलं का न्हाई?”

त्या क्षणाला माझ्यापाशी उत्तर होतं, आणि ते देता येत नव्हतं. सुप्रभा समोर बसली होती. तिनं चहाला हात लावला नव्हता. आधी ती माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मग तिनं नजर काढली आणि बाहेर लागलेल्या एसटीच्या पाटीकडे बघत राहिली.

परतीच्या एसटीत ती पुढच्या बाकावर तात्यांच्या शेजारी जाऊन बसली.

तात्यांनी माझं काही वाकडं केलं नाही. संस्थेचे अध्यक्ष होते, मनात आणलं असतं तर करू शकले असते. फक्त रस्त्यात भेटले की नमस्कार घालायचे थांबले. पुढच्या वर्षी त्यांनी शाळेच्या नळकोंडाळ्यावर संगमरवरी पाटी बसवली, ‘कै. चंपाक्का आरवाडे यांच्या स्मरणार्थ’. तिच्यावर डोळ्यांचा उल्लेख नव्हता. सुप्रभा दहावी होऊन सांगलीला शिकायला गेली. आत्या तिच्यावरून चेष्टेत म्हणायची असं कानावर यायचं, “सुपीसमोर डोळे मिटून पडू नका गं, फोन लावंल.” घरात हसण्यावारी न्यायचे. सुप्रभाही हसत असेल.

मी निवृत्त झालो आणि मिरजेला पुतण्याकडे आलो. लोखंडी कपाट शेवटपर्यंत एकच राहिलं. मग सुप्रभाचं पत्र आलं, आणि मी ते शब्दकोशात ठेवलं.

कधीकधी, विशेषतः दुपारी डोळा लागत नाही तेव्हा, मला माझीच शंका यायची. आक्का खरंच बोलल्या होत्या का? की तात्या म्हणतात ते बरोबर, आणि मी सगळं नंतर मनात रचलं? मी आयुष्यभर पुस्तकं वाचलीत. वाचणाऱ्या माणसाला घडलेलं आणि वाचलेलं कधीकधी वेगळं करता येत नाही. पण त्या बोलण्यातली एक गोष्ट अशी होती की ती मला रचताच आली नसती. तिच्याशी येऊन मी थांबायचो.

परवा बेडकिहाळ सरांचा फोन आला. त्यांचा आवाज आता फार थकलाय, माझाही.

“वाटवे, तात्या गेले. काल सकाळी.”

“अरे.”

“तुमच्यावर राग नव्हता हो त्यांचा. मागच्या महिन्यात भेटलो तेव्हा म्हणाले, वाटवे सरांनी तेवढी ढाल घालवली, बाकी माणूस चांगला.” थोडं थांबून ते म्हणाले, “आणि एक कळलं. त्यांचेही डोळे दिले. सुप्रभानंच फोन केला. ह्या वेळी कुणी आडवं आलं नाही.”

फोन ठेवल्यावर मी शब्दकोश काढला. जुन्या कागदावरचं ‘चि. सुप्रभास, अनेक आशीर्वाद’ तसंच होतं, शाई थोडी तपकिरी झाली होती. नवा कागद घेतला नाही. त्याच्याच खाली लिहायला लागलो.

‘तात्यांचं कळलं. वाईट वाटलं. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं दिलं नाही, कारण तात्या असेपर्यंत बोलायचं नाही असं मला सांगितलेलं होतं. ज्यांनी सांगितलं त्यांचेच शब्द आठवतील तसे लिहितो.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी आक्कांनी मला चहाला बोलावलं. म्हणाल्या, मास्तर, माझं डोळं घ्या. एक जुना हाय, एक दुरुस्त केलेला, चालत असतील तर घ्या. मी म्हणालो, चालतात. त्या म्हणाल्या, पण एक अट हाय. तुमच्या त्या इनामाच्या कागदात माझं नाव घालायचं न्हाई. आमच्या घरात दिलेल्या सगळ्यावर नाव घालतात. मालकांचं नाव पंख्यावर घातलंय. जित्यापणी त्यांना एसटीत बसलं तरी चक्कर यायची, आता बघा, गरगर गरगर फिरत्यात. असं म्हणून त्या स्वतःच इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

मग म्हणाल्या, एवढं एक तरी कुणाचं नाव न लावता जाऊ द्या. पण बाबगोंडाला हे सांगू नका. तो हौसेनं करतो. त्याला वाटंल, आईला माझ्या करण्याची लाज वाटायची. तो हाय तोवर बोलायचं न्हाई. घरात कुणी आडवं आलंच, तर म्हणा, आक्कानं सांगितलं होतं. त्याच्या म्होरं एक अक्षर नको.

मला परवानगी त्या एका वाक्याची होती. सोप्यात ते मी म्हणालो. कँटीनमध्येही तेच म्हणालो. त्याच्या पुढचं बोलता आलं नाही. ते बरोबर होतं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला त्याचा त्रास झाला हे मला माहीत आहे.

तुझा माझ्यावर विश्वास बसेल असं माझ्यापाशी काही नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. फक्त एक गोष्ट आहे. मी उठलो तेव्हा आक्का दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, आमच्या सुपीचं आंधळेपण खोटं हाय बरं का. डावा डोळा किलकिला ठेवती. पायरी आली की बरोब्बर पाय उचलती. मला मेलीला कमी दिसतं, तरी तेवढं दिसलं. तिला सांगू नका, खट्टू होईल.

नाटुकलं मी बसवलं होतं. रोज समोर उभा असायचो. मला हे कधी दिसलं नाही, आणि त्यानंतर मी तुला विचारलंही नाही. तू डोळा किलकिला ठेवायचीस की नाही, हे आजही मला माहीत नाही. ते तुलाच माहीत. ते खरं असेल, तर बाकीचंही खरं आहे.’

खाली सही केली. पुतण्याची सून म्हणाली, “आजोबा, फोन नंबर मिळवून मेसेज करू का? लगेच पोचेल.” मी म्हणालो, नको.

काठी घेऊन पोस्टापर्यंत चालत गेलो. वाटेत दोनदा बसलो. खिडकीतल्या मुलीनं पाकीट वजनाला लावलं.

“रजिस्टर करायचंय का, आजोबा? पोचल्याची पावती येईल.”

“नको,” मी म्हणालो. “साधंच जाऊ द्या.”

तिनं तिकीट दिलं. मी ते लावलं, कोपरे अंगठ्यानं दाबले, आणि बाहेरच्या लाल पेटीत पत्र टाकलं.